साळवी वकील आणि चवीपुरतं मीठ

साळवी सर जेवायला बसले की पहिला घास घेण्याआधी मीठ मागायचे. आमटी कशी झाली आहे हे कळायच्या आत त्यांचा हात ताटाच्या वरच्या बाजूला वाढलेल्या मिठाकडे जायचा, आणि तिथे मीठ नसेल तर हात तसाच हवेत थांबायचा. मी त्यांच्याकडे नवी ज्युनिअर म्हणून लागले होते, त्यामुळे मला हे चमत्कारिक वाटलं आणि एकदा मी विचारून बसले, की सर, चव न बघताच कसं कळतं कमी आहे म्हणून? सर म्हणाले, "बाय, मनाई हुकूम मागायला नुकसान झालेलं असावं लागत नाही. होण्याची भीती पुरते."

सर रत्नागिरीच्या कोर्टात दिवाणी दावे चालवायचे. बांध, पायवाटा, सामाईक विहिरी, दुसऱ्याच्या परड्यात झुकलेले माड. आमच्या मुलखात माणूस अडीअडचणीला भावाला रक्त देईल, पण बांधाची वीतभर माती देणार नाही, त्यामुळे सरांची ओटी कधी रिकामी नसायची. ऑफिस म्हणजे त्यांच्या चिऱ्याच्या घराची ओटीच. एका बाजूला पक्षकारांचं बाकडं, दुसऱ्या बाजूला सरांचं टेबल, आणि मधल्या दारातून येणारा तळलेल्या बांगड्याचा वास. पक्षकार निम्मे त्या वासानेच गार व्हायचे.

सरांचा एक मंत्र होता. "शब्द बघ." पक्षकार रडत असो, ओरडत असो, सर मान खाली घालून दस्त वाचत राहायचे आणि शेवटी मला म्हणायचे, "माणूस काय बोलतो ते सोड. कागदावर शब्द काय आहे तो बघ." दोन चुलतभावांचा एक दावा होता. वाटणीपत्रात लिहिलं होतं, फणसाचं झाड थोरल्याकडे. सर धाकट्याचे वकील. त्यांनी मांडलं की वाटणीत 'झाड' दिलंय, 'फळ' दिलेलं नाही. त्यावर इतके दिवस युक्तिवाद चालला, की तोवर एका वादळात तो फणसच आडवा झाला. थोरला हताश होऊन ओटीवर आला आणि म्हणाला, आता तरी मिटवा. सर वाटणीपत्र पुन्हा हातात घेऊन म्हणाले, "मिटवतो. पण 'लाकडा'चा उल्लेख कुठे दिसत नाही."

या माणसाला किडनीचा आजार झाला, आणि त्याला मीठ कमी करायला सांगितलं गेलं. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

आजार अचानक आला नव्हता. ब्लडप्रेशर कितीतरी वर्षं होतंच. त्याची गोळी रोज घ्यायची असते हे सरांना मान्य होतं, पण गोळीलाही ते कोर्टासारख्या तारखा द्यायचे. आज युक्तिवाद आहे, उद्या घेऊ. उद्या पाहुणे आहेत, परवा बघू. मग पायांवर सूज दिसायला लागली. संध्याकाळी चप्पल काढली की पट्ट्याचा खळगा पावलावर तसाच राहायचा. सर म्हणायचे चप्पल लहान आहे. त्यांनी मोठी घेतली. सुमनकाकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, फारशा बोलायच्या नाहीत. जन्म वकिलाच्या घरात काढलेल्या माणसाला न बोलण्याचा उपयोग कळलेला असतो. त्यांनी नव्या चपलेकडे बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी सरांना काही न विचारता रक्त तपासणाऱ्या माणसाला घरीच बोलावलं.

किडनीचे डॉक्टर दर शनिवारी कोल्हापूरहून यायचे. तरुण, गोल चेहऱ्याचे, भरभर बोलणारे. काकींनी मला सोबत नेलं, कारण सर एकटे गेले तर डॉक्टर काय म्हणाले याची एकच बाजू घरी पोचेल अशी त्यांना खात्री होती. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले आणि सरळ सांगितलं, की दोन्ही किडन्यांचं काम बरंच कमी झालंय, गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं जपता येईल. त्यासाठी प्रेशरच्या गोळ्या वेळेवर घ्यायच्या, आणि मीठ कमी. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, त्याने सूज येते, प्रेशर चढतं, आणि चढलेलं प्रेशर उरलीसुरली किडनी खातं. "दिवसभरात सगळं मिळून एक छोटा चमचा बघा सर, सपाट. स्वयंपाकातलं त्यातच आलं. लोणचं, पापड, सुकी मासळी, फरसाण, बेकरीतलं, हे बंद. नाही ऐकलं तर मग डायलिसिसच्या मशीनवर यावं लागतंय."

सरांनी चष्मा पुसला. "कमी म्हणजे कशापेक्षा कमी?"

"तुम्ही आत्ता जेवढं खाताय त्याच्यापेक्षा की."

"मी आत्ता किती खातो हे रेकॉर्डवर कुठे आहे?"

डॉक्टरांनी काकींकडे बघितलं. काकींनी खिडकीकडे बघितलं. रिक्षात बसल्यावर सरांनी रिपोर्टांची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, की घाटावरचा माणूस आहे, मटण खाणारा, त्याला समुद्राचं काय कळणार.

त्या दिवसापासून काकी दोन भांड्यांत स्वयंपाक करायला लागल्या. एक सरांचं, जवळजवळ अळणी, आणि एक त्यांचं नेहमीचं. आणि त्याच दिवसापासून सरांनी डॉक्टरांच्या बोलण्याचा अर्थ लावायला सुरुवात केली. डॉक्टरांनी लोणचं बंद केलं होतं. पण आमच्याकडे पावसाळ्यासाठी कैऱ्या मिठाच्या पाण्यात घालून ठेवतात, त्या खारातल्या कैऱ्या. सरांचं म्हणणं पडलं, की लोणचं म्हणजे ज्यात तेल आणि मसाला आहे ते. ही तर नुसती पाण्यात पडलेली कैरी. पापड बंद होता, मिरगुंडांबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते. सुकी मासळी बंद होती, पण सुका जवळा चटणीत गेला की ती मासळी राहत नाही, चटणी होते. सोलकढी तर ताजीच असते. ती कोकमाच्या ज्या आगळापासून होते त्यात भरपूर मीठ असतं हे काकींनी दाखवून दिलं, तेव्हा सर म्हणाले, की आगळ ही पूर्वपीठिका आहे, विचार फक्त सोलकढीचा करायचा.

यात त्यांना साथ होती हनीफभाईंची. हनीफभाई मिरकरवाड्याचे, त्यांच्या दोन होड्या होत्या. मासळी वाळत घालायच्या जागेवरून त्यांचं कुणाशी तरी भांडण होतं आणि ती केस सरांनी जिंकून दिली होती. तेव्हापासून पाऊस सुरू होण्याआधी हनीफभाई सुके बांगडे, बोंबील आणि सोडे घेऊन यायचे. त्या वर्षीही आले. काकींनी त्यांना ओटीवर बसवलं, चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, की भाईजान, यावेळी नको, डॉक्टरांनी बंद केलंय. हनीफभाईंचा चेहरा पडला. त्यांनी पिशवी परत उचलली, आणि सर त्यांना पोचवायला म्हणून फाटकापर्यंत गेले. हनीफभाई रिकाम्या हातांनी निघून गेले आणि सर बांबूच्या बेटाकडून, जरा वळसा घालून, मागच्या दाराने घरात आले. त्या आठवड्यात ओटीवरच्या फायलींच्या कपाटाला जो वास यायला लागला, त्यावर पक्षकारसुद्धा काही बोलायचे नाहीत. कोकणात कपाटाला वास येणं ही काही दाव्याची बाब नाही.

बार रूममध्ये ही बातमी पोचली आणि तिथला प्रत्येक वकील किडनीचा तज्ज्ञ झाला. एकाने सांगितलं, सैंधव खा, ते मीठच नाही, ते खनिज आहे. दुसऱ्याने सांगितलं, सकाळ-संध्याकाळ शहाळ्याचं पाणी, किडनी धुऊन निघते. तिसऱ्याच्या आत्याला कुणीतरी एक पाला दिला होता आणि ती अजून विहिरीचं पाणी शेंदते. आत्याला किडनीचा आजार होता का, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, नव्हता, पण झालाही नाही ना. सर हे सगळं न्यायाधीशासारखं ऐकून घ्यायचे आणि ज्यात खायला मिळेल तेवढं मान्य करायचे.

अखेर एका सद्गृहस्थाने त्यांना एक पाकीट आणून दिलं. कमी सोडियमचं मीठ. दिसायला मिठासारखं, चवीला जवळजवळ मिठासारखं. सर खूश झाले. ते पाकीट त्यांनी टेबलावर ठेवून मला दाखवलं. म्हणाले, दोन्ही पक्षांचं समाधान करणारी तडजोड दिवाणी कोर्टात क्वचित होते, ही बघ झाली. डॉक्टरांचं भांडण सोडियमशी. सोडियम कमी झालं. दावा निकाली.

मग त्यांनी ते मीठ सढळ हाताने घ्यायला सुरुवात केली. आमटीवर, भातावर, कलिंगडावर. जोडीला शहाळ्याचं पाणी होतंच. काकींनी डॉक्टरांना विचारून घेऊ असं दोनदा सुचवलं. सर म्हणाले, शनिवारी विचारू. तो शनिवार काही येत नव्हता.

एके दिवशी कोर्टात सर पायवाटेच्या दाव्यात युक्तिवाद करत होते. ते रंगात आले होते, आणि समोरचा वकील नेहमीप्रमाणे घड्याळ बघत होता. बोलता बोलता सरांनी टेबलाला हात टेकला. मला वाटलं, परिणामासाठी थांबलेत. त्यांना तशी सवय होती. न्यायाधीशांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते म्हणाले, "पुढे बोला." सरांचे पाय लुळे पडल्यासारखे वाकले आणि ते हळूच खुर्चीत बसले, नंतर खुर्चीतून खाली. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि नाडी इतकी सावकाश लागत होती, की दोन ठोक्यांच्या मधे मी घाबरत होते.

हॉस्पिटलमध्ये कळलं, रक्तात पोटॅशियम भयंकर वाढलंय. हृदयाची पट्टी बघून तिथल्या डॉक्टरांची पळापळ झाली. इंजेक्शनं, सलाईन, कोल्हापूरला फोन. ती संध्याकाळ काकी बाहेरच्या बाकावर पदर मुठीत धरून बसल्या होत्या. कुणी काही विचारलं तर मान हलवायच्या. सर वाचले. पण थोडक्यात वाचले, असं तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला आडपडदा न ठेवता सांगितलं.

शनिवारी कोल्हापूरचे डॉक्टर आले, पलंगाशी बसले आणि विचारलं, खाल्लं काय काय. काकींनी पिशवीतून ते पाकीट काढून पुढे ठेवलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं, की यातलं सोडियम कमी केलंय ते खरं, पण त्याच्या जागी पोटॅशियम घातलंय. धडधाकट माणसाची किडनी ते बाहेर टाकते, तुमच्या किडनीला ते जमत नाही. शहाळ्यातही तेच. आणि सैंधव म्हणजे नाव वेगळं, मीठच.

सर क्षीण आवाजात म्हणाले, "हे पाकिटावर लिहायला नको का?"

डॉक्टरांनी पाकीट उलटं करून त्यांच्या हातात दिलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, की मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच वापरावे. सरांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. साऱ्या तालुक्याला शब्द बघायला शिकवणाऱ्या माणसाने पाकिटाची फक्त पुढची बाजू बघितली होती. त्यांनी पाकीट उशाखाली सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मला वाटलं, आता सुधारतील. घरी आल्यावर ते सुधारल्यासारखे वागलेही. फायलींचं कपाट काकींनी रिकामं केलं तेव्हा ते ओटीवर उभे राहून बघत होते, हरकत घेतली नाही. पण जेवताना कुरकुर वाढली. समोर अळणी वाटी आली की ते काकींना म्हणायचे, "तुला काय कळणार गो, बेचव जेवण म्हणजे काय ते. तुझं ताट निराळं." हे वाक्य रोज. कधी विनोदाने, कधी रागाने. काकी ऐकायच्या आणि भात वाढायच्या.

एका दुपारी युक्तिवादाचं टिपण करायला मी त्यांच्याकडेच थांबले होते. काकींनी मला जेवायला बसवलं. माझ्या वाटीत वेगळी आमटी होती, व्यवस्थित मिठाची. काकींचं ताट वाढलेलं होतं आणि त्या आत पोळी आणायला गेल्या. सरांनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि चमचा काकींच्या वाटीत बुडवून पटकन तोंडात घातला. त्या सफाईवरून वाटलं, की दवाखान्याच्या आधी त्यांनी हे कधीतरी केलेलं असावं.

त्यांचा चेहरा बदलला. चुकीच्या वाटीत चमचा गेला असं वाटून त्यांनी स्वतःची वाटी चाखली, मग पुन्हा काकींची. मग काकींच्या ताटातली भाजी. दोन्ही ताटांत एकच चव होती, म्हणजे कसलीच नव्हती.

काकी पोळी घेऊन आल्या तेव्हा सर चमचा हातात धरून बसले होते. त्यांनी विचारलं, "तू कधीपासून अळणी खातेस?"

"दवाखान्यातून आलात तेव्हापासून."

"मला सांगितलं का नाहीस?"

काकींनी त्यांच्या ताटात पोळी वाढली. म्हणाल्या, "सांगितलं असतं तर त्याच्यावरपण वाद घातला असतात."

आणखी त्या एवढंच म्हणाल्या, की दोन भांड्यांत एखाद्या वेळी चुकून चमचा इकडचा तिकडे होतो, त्यापेक्षा एकच बरं, आणि मला सवय झालीय. सरांनी समोरचं सगळं ताट संपवलं. मी मान खाली घालून माझी आमटी प्यायले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला मीठ असलेल्या आमटीची लाज वाटली.

त्यानंतर मात्र सर खरोखर बदलले, आणि त्याचा त्रास अख्ख्या रत्नागिरीला झाला.

पूर्वी सर मिठाचे वकील होते, आता ते मिठाविरुद्धचे सरकारी वकील झाले. घरातली मिठाची बरणीच त्यांनी हद्दपार केली. बार रूममध्ये कुणी फरसाणाची पुडी उघडली की सर समोर जाऊन उभे राहायचे आणि त्या माणसाला त्याचं ब्लडप्रेशर विचारायचे. पक्षकार जमिनीचं सांगायला यायचा आणि बिस्किटात सोडा कसा असतो हे ऐकून जायचा. पावस गावात एका पक्षकाराच्या मुलीचं लग्न होतं. तिथे सरांनी आचाऱ्याला बोलावून विचारलं, वरणात मीठ किती. आचारी म्हणाला, चवीपुरतं. सरांनी त्याला विचारलं, कुणाच्या चवीपुरतं? माणसागणिक चव वेगळी, मग 'चवीपुरतं' हा शब्द संदिग्ध नाही का? मंडपात मंगलाष्टकं चालू होती आणि इकडे आचारी घाम पुसत सांगत होता, की साहेब, मी बापाकडून असंच शिकलो. मुलीचे वडील माझ्या कानात म्हणाले, की बाई, आधीचेच सर बरे होते.

हनीफभाईंनी तर वर्षाच्या वर्षाला आणायची पिशवी बंद करून ताजी मासळी आणायला सुरुवात केली होती. सर त्यांनाच सुक्या मासळीचे तोटे सांगायचे. हनीफभाई मान डोलावून ऐकायचे आणि एकदा जाता जाता मला म्हणाले, "वकीलसाबना सांगू नको, पण हे समुद्रालाच नोटीस काढतील एक दिवस."

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. सरांनी स्वयंपाकघरात लक्ष घातलं आणि त्याचा उपयोग झाला. मीठ नाही म्हणून जीभ उपाशी का ठेवायची, असं त्यांनी मनावर घेतलं. मीठ न लावता वाळवलेली आमसुलं त्यांनी एका बाईंकडून मुद्दाम करून घेतली. बांगड्यात तिरफळं ठेचून घालायची, लसूण भाजून घालायचा, वरून लिंबू पिळायचं, हे सगळं डॉक्टरांना विचारून, मासळीचा तुकडा ते सांगतील तेवढाच. सूज उतरली. प्रेशर ताब्यात आलं. किडनीचा उतार थांबला नाही, पण सावकाश झाला. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, असेच राहिलात तर मशीनचं आपण लांबवू. सर म्हणाले, लांबवणं हा माझा धंदाच आहे.

त्या आनंदात त्यांनी डॉक्टरांना घरी जेवायला बोलावलं. सकाळपासून सर स्वतः काकींच्या मागे उभे होते. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, भात, कोशिंबीर. डॉक्टर बसले, पहिला घास घेतला. दुसरा घेतला. चेहऱ्यावर कौतुक होतं, पण तिसऱ्या घासाला त्यांचा हात ताटाच्या वरच्या बाजूला फिरला आणि तिथे काही न सापडल्यामुळे हवेत थांबला. मग ते काकींना हळूच म्हणाले, "मावशी, जरा मीठ मिळेल काय?"

सर म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही?"

"मला किडनीचा त्रास नाही ओ सर," डॉक्टर म्हणाले, आणि लाल झाले.

घरात मीठ नव्हतंच. डॉक्टरांनी लिंबू पिळून ताट संपवलं. नंतर हात धुताना त्यांनी सरांना विचारलं, की मावशीसुद्धा हेच जेवतात काय? सरांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, की हो, हेच, माझ्याही आधीपासून ती कडक आहे. डॉक्टर म्हणाले, की त्यांना इतकं करायची गरज नाही, थोडं मीठ घेऊ द्या. सरांनी ते ऐकलं नाही. म्हणजे कानांनी ऐकलं. पण काकींनी जे गुपचूप, त्यांच्यासाठी म्हणून केलं होतं, त्याचा सरांनी आता घराचा कायदा केला होता, आणि कायदा एकासाठी शिथिल केला की उरत नाही असं त्यांचं मत होतं. काकींना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्या म्हणाल्या असत्या, मला सवय झालीय.

पुढे लग्न होऊन मी चिपळूणला गेले, तिथेच वकिली सुरू केली. सरांचा फोन यायचा. आधी दाव्याचं विचारायचे, मग माझ्या सासऱ्यांच्या लोणच्याचं. मे महिन्याच्या सुट्टीत मी माहेरी रत्नागिरीला आले तेव्हा त्यांना भेटायला गेले. त्यानंतर माझी त्यांची भेट झाली नाही. पावसाळा संपता संपता ते गेले. किडनीने नव्हे, मशीनवर त्यांना कधी जावं लागलं नाही. झोपेतच हृदय थांबलं. मला काकींनी दुसऱ्या दिवशी फोनवर कळवलं. त्यामुळे माझ्यासाठी सर म्हणजे ती मे महिन्यातली सकाळच आहे.

मी फाटकातून आत गेले तर ओटीवर कुणी नव्हतं. बाकड्यावर दोन पक्षकार बसून होते, त्यांनी आत बोट दाखवलं. काकी मधल्या खोलीत खाटेवर होत्या. आदल्या दिवशीपासून जुलाब आणि उलट्या, त्यात तो उन्हाळा. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले, आणि बोलणं थोडं घसरत होतं. जवळचे डॉक्टर नुकतेच तपासून गेले होते. रक्तातलं मीठच उतरलेलं दिसतंय, असं ते म्हणाले होते. त्यांनी सरांना विचारलं होतं, की बाईंना कोणता आजार आहे म्हणून मीठ बंद केलं? दुपारपर्यंत फरक पडला नाही तर दवाखान्यात हलवू, तोवर मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्याने देत राहा, असं सांगून ते गेले होते. त्या पाण्याच्या तयार पुड्या आणायला शेजारचा माणूस बाजारात गेला होता, पण तो येईपर्यंत थांबायचं नाही, घरातलंच करून द्यायला सुरुवात करा, असंही बजावलं होतं.

घरात मीठ नव्हतं.

सर शेजारच्या पेडणेकरबाईंच्या दारात उभे होते. मला ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसले. बनियनवर, हातात वाटी. याच बाईंना त्यांनी मागच्या आठवड्यात पापड वाळत घातले म्हणून तासभर सुनावलं होतं, हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं होतं. बाईंनी आत जाऊन वाटी भरून आणली. सर वाटीवर हात झाकून, वारा लागू नये अशा बेताने, परड्यातून घाईघाईने आले.

त्यांनी उकळून गार केलेलं पाणी तांब्यात घेतलं, साखर घातली, मग मिठाची चिमूट उचलली आणि थांबले. चिमटीतलं थोडं परत वाटीत पाडलं, मग पाण्यात सोडलं, ढवळलं, एक थेंब जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं केलं. मग चमचा माझ्यापुढे धरला.

"बाय, तू चाख. डॉक्टर म्हणाला, अश्रूंपेक्षा खारट नको. मला सगळंच खारट लागतं आता. माझा भरवसा नाही."

मी चाखलं. म्हटलं, अगदी जरासं कमी आहे. त्यांनी विचारलं, कशापेक्षा कमी असं नाही, फक्त "किती?" मी दाखवलं. त्यांनी तेवढंच घातलं आणि तांब्या घेऊन खोलीत गेले. खाटेच्या कडेला बसून त्यांनी काकींचं डोकं एका हाताने उचललं आणि चमचा ओठांशी नेला. काकींनी घोट घेतला. डोळे मिटलेलेच होते.

"खारट झालंय," त्या म्हणाल्या.

सरांनी वाद घातला नाही. पुन्हा चमचा भरला आणि तो गिळून होईपर्यंत त्यांच्या ओठांकडे बघत राहिले.